एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह म्हणजे सिकलसेलसारखं ‘वाहक’ असणं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या नंदनवन भागातल्या २४ वर्षांच्या मुलीच्या थोरल्या भावाला, वय २९, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांना सूज येऊन ते हळूहळू जुळत जाण्याचा आजार, निघाला. त्याचा एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह. लॅबमध्ये ‘घरच्यांचंही करून घ्या’ म्हटलं म्हणून आईचं आणि हिचं रक्त दिलं, तर दोघी पॉझिटिव्ह. कंबरेचा त्रास दोघींनाही नाही. आईला थायरॉइड आहे, मावशीला हाताच्या सांध्यांचा संधिवात. घरात स्थळं बघणं सुरू आहे आणि आईचं म्हणणं, सिकलसेलचा रिपोर्ट दाखवतो तसा हाही मुलाकडच्यांना दाखवावा लागेल. तिचे प्रश्न: मी वाहक आहे का, मला आजार होणार का, मुलांना जाईल का, आणि लाळेची नळी पाठवून ‘सगळी जनुकं’ तपासून मिळतात ते करावं का?

तुम्ही वाहक नाही. तो शब्द इथे लागूच पडत नाही.

विदर्भात ‘आनुवंशिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर सिकलसेल येतो, त्यात आईचं काही चुकलं नाही. पण सिकलसेलचं गणित वेगळं आहे. तिथे एकच जनुक, बीटा ग्लोबिनचं. त्यात एक अक्षर बदलतं, सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि दोन्हीकडून तोच बदल आला की आजार ठरला. आईवडील दोघेही एएस, म्हणजे एकच प्रत बदललेले वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस, म्हणजे दोन्ही प्रती बदललेल्या आजारी बाळाची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघण्याला अर्थ आहे. हेच गणित बी२७ला लावलं की दोन्ही बाजूंनी घोळ होतो. ज्याला काही होणार नाही तो रिपोर्ट हातात धरून घाबरतो, आणि ज्याचा निगेटिव्ह आला तो खरीखुरी दुखणारी पाठ पाच-सात वर्षं अंगावर काढतो.

बी२७ हे बिघडलेलं जनुक नाही. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा जनुकांचा एक मोहल्लाच आहे. त्यातल्या एचएलए-बी या जागेचे माणसांत हजारो नमुने सापडतात, बी२७ हा त्यांपैकी एक गट. रक्तगट कोणाचा ए, कोणाचा बी, तसंच. त्याचा या आजाराशी संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला, आणि तो इतका ठळक होता की आजही स्वप्रतिकार आजारांच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांच्या) जनुकशास्त्रात इतकं घट्ट नातं दुसरं क्वचितच सापडतं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असलेल्या शंभरांतल्या साधारण ऐंशी ते नव्वद जणांत बी२७ असतो. लोकांचा गोंधळ इथेच होतो, कारण हे वाक्य उलटं वाचलं जातं. उलट बाजूचा आकडा असा: बी२७ असलेल्या शंभर जणांना आयुष्यभर पाहिलं तर आजार होतो तो एक ते पाच जणांना. बाकीचे पंचाण्णव जण बी२७ घेऊन जगतात, म्हातारे होतात, त्यांना ते कळतही नाही. तुमच्या आईसारखे.

तुमच्या बाबतीत आकडा थोडा वर सरकतो, कारण भावाला आजार आहे. सख्खं नातेवाईक आजारी आणि स्वतः बी२७ पॉझिटिव्ह, अशांत शक्यता साधारण १० ते २० टक्के धरतात. बी२७ तोच असून ती वाढते कशी? कारण बी२७ एकटा पुरत नाही. या आजाराच्या आनुवंशिक ओझ्यातला त्याचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा. उरलेलं ओझं शंभराहून जास्त लहान-लहान जागांवर विखुरलेलं आहे, आणि सख्ख्या भावंडांत त्यातलंही बरंचसं सारखं असतं. म्हणूनच नातं जसं लांबचं होत जातं तशी शक्यता पायरीपायरीने न उतरता धाडकन कोसळते. एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार असेल तर दुसऱ्याला सुमारे ६३ टक्के, सख्ख्या नात्यात सुमारे ८ टक्के, आणि मामा-भाच्याच्या अंतरावर जेमतेम १ टक्का. हे आकडे युरोपीय कुटुंबांतले आहेत, पण अंदाजासाठी चालतात. त्या ६३ कडे नीट बघा. सगळी जनुकं सारखी असूनही शंभरातले ३७ सुटतात.

यातून तुमच्या मुलांचा हिशोब निघतो. तुमच्याकडे बी२७ची बहुधा एकच प्रत आहे, म्हणून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आजार तुम्हाला नाही, मामाला आहे, म्हणजे मुलाला आजाराची शक्यता एकूण १ टक्क्याच्या आसपास. मुलात बी२७ आला असं गृहीत धरलं तरी दोनेक टक्के. भावाच्या मुलांचं थोडं जास्त, आठ टक्क्यांच्या घरात. लग्न जुळवताना समोरच्याचाही बी२७ तपासून घ्या असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. इथे ‘दोघांचा जुळला तर धोका’ असा नियम नाही.

आता हा बी२७ करतो काय? पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एका खोबणीत धरून बाहेर मांडत असते, म्हणजे गस्तीवरच्या टी पेशी ते तपासून जातात. ती खोबण म्हणजे एचएलए. तुकडा खोबणीत बसायचा तर लांबी बेताची हवी, साधारण नऊ अमिनो आम्लांची. ती छाटणी करणारं विकर म्हणजे ईआरएपी१. सुपारीचा अडकित्ता समजा. कोणाचा अडकित्ता बारीक कातरतो, कोणाचा जाड, आणि हा फरकही जन्मजात असतो. गंमत अशी की ईआरएपी१मधला फरक आजाराच्या शक्यतेत भर घालतो तो बी२७ असलेल्यांतच. नसलेल्यांत तो जवळपास निरुपद्रवी. दोन जनुकं एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण फार कमी मिळतं. २०२२मध्ये आणखी एक धागा हाती लागला. रुग्णांच्या सांध्यांतून आणि डोळ्यांतून मिळालेल्या ठरावीक घडणीच्या टी पेशी बी२७च्या खोबणीतला जंतूचा तुकडाही ओळखतात आणि स्वतःच्या शरीराचाही. जंतूसाठी उचललेली काठी घरच्यांच्याच पाठीवर पडावी, तसं.

खोबणीतला एवढासा फरकही किती महत्त्वाचा, हे सार्डिनिया बेटावर दिसतं. तिथला बी२७:०९ हा उपप्रकार आपल्याकडच्या बी२७:०५पेक्षा ११६व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाने वेगळा, आणि त्याचा आजाराशी संबंध जवळपास नाही. भारतात २७:०५ आणि २७:०४ जास्त दिसतात, दोन्ही आजाराशी जोडलेले. म्हणून इथे उपप्रकाराच्या जादा चाचणीवर पैसे घालवू नका, निर्णय काही बदलत नाही. आणि इतका त्रासदायक नमुना माणसांत टिकला कसा? एक अंदाज असा की तो काही विषाणूंशी चांगला लढतो; बी२७ असलेल्यांत एचआयव्ही सावकाश पुढे सरकतो. एचआयव्ही स्वतः नवा आहे, तेव्हा हा फक्त इशारा. सिकलसेलच्या एका प्रतीने मलेरियापासून बचाव होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. कदाचित त्याच जातीचा सौदा.

रिपोर्टवर विश्वास किती ठेवायचा हेही बघा. ही चाचणी दोन पद्धतींनी होते. फ्लो सायटोमेट्री पेशींच्या पृष्ठभागावरचं बी२७ प्रथिन रंगवून मोजते. पीसीआर थेट डीएनए वाचते. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, दोन-तीन मिली रक्त, उपाशीपोटी यायची गरज नाही. फ्लोला जिवंत पेशी लागतात, म्हणून नमुना खोलीच्या तापमानाला ठेवून साधारण ४८ तासांत यंत्रावर जायला हवा, आणि बर्फात तर टाकायचाच नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ला टेकलेला असताना कुरिअरच्या डब्यात दुपारभर पडून दुसऱ्या शहरात गेलेल्या नळीतल्या पेशींचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. दुसरी अडचण एचएलए-बी७ची. चाचणीच्या काही रसायनांना बी७ आणि बी२७ यांतला फरक नीट कळत नाही आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. रिपोर्टवर पद्धत फ्लो असेल आणि निकाल ‘बॉर्डरलाइन’ किंवा ‘वीक पॉझिटिव्ह’ असेल तर पीसीआरने खात्री करून घ्यावी. डीएनए उन्हातान्हाला इतका लवकर हार मानत नाही. स्वच्छ पॉझिटिव्ह असेल तर पुन्हा करायचं काही कारण नाही. हा आयुष्यात एकदाच करायचा तपास आहे, औषधाने तो निगेटिव्ह होत नाही. त्रास नसलेल्या नातेवाइकांचा तपास मुळात करायला नको होता, हे माझं स्पष्ट मत. त्यातून हाती काहीच करण्याजोगं येत नाही. झाला तो झाला. फाइलला लावून ठेवा.

रिपोर्टपेक्षा लक्ष ठेवायचं ते लक्षणांवर. दिवसभर स्कुटी चालवून, वाकून काम करून दुखणारी कंबर वेगळी. ती आडवं झालं की थांबते. या आजाराची पाठदुखी विश्रांतीने वाढते. चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होते आणि तीन महिन्यांहून जास्त टिकते. पहाटे तीन-चारला पाठ आखडून जाग येते, उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं. सकाळी अर्धा तासाहून जास्त ताठरपणा. नितंबात कधी डावीकडे, कधी उजवीकडे दुखणं. टाचेच्या मागच्या शिरेला सूज. बायकांत हे सगळं ‘घरकामाने’ किंवा ‘बाळंतपणानंतरचं’ म्हणून सोडून दिलं जातं आणि निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

आणि डोळा. हे दोन वाक्यांत आटोपण्यासारखं नाही. बी२७ असलेल्यात एकच डोळा अचानक लाल झाला, आतून ठणकतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, पण चिकट घाण येत नाही, तर ते ‘डोळे आले’ नव्हे. तो बहुधा युव्हिआयटिस, म्हणजे बुबुळाच्या पडद्याची सूज. नेहमीची चूक म्हणजे मेडिकल स्टोअरमधून प्रतिजैविकाचे थेंब आणून चार दिवस घालणं. तेवढ्या वेळात बुबुळ मागच्या भिंगाला चिकटू लागतं. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, स्लिट लॅम्पवर तपासायला सांगायचं आणि घरात बी२७चा आजार आहे हे आपणहून सांगायचं. उपचार म्हणजे स्टेरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारे थेंब, आणि वेळेत सुरू झाले तर नजर वाचते. स्टेरॉइडचे थेंब मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. डोळ्यांत नागीण असेल तर तेच थेंब घात करतात.

पाठीची लक्षणं जुळली तर धंतोली-रामदासपेठेतल्या संधिवाततज्ज्ञाकडे जा, किंवा मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करा, पण तपासाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या एमआरआयवर. लिहिलेला असतो ‘एलएस स्पाइन’, म्हणजे कमरेच्या मणक्यांचा. त्यात कुठे ना कुठे गादी सरकलेली दिसतेच, तिशीतल्या धडधाकट माणसातही दिसते, आणि रुग्ण डिस्कचे उपचार घेत बसतो. हवा असतो तो सॅक्रोइलियक सांध्यांचा, म्हणजे पाठीचा कणा कटीच्या हाडांना जोडतो तिथल्या सांध्यांचा, माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या रेषेत तिरका घेतलेला, स्टर सिक्वेन्ससह. हाडाच्या आतली सूज त्यातच उजळून दिसते. रंगद्रव्याचं इंजेक्शन बहुतेक वेळा लागत नाही. साधा पेल्व्हिसचा, म्हणजे कटीच्या हाडांचा, एक्स-रे आधी करावा, पण तो सुरुवातीची काही वर्षं नॉर्मल असू शकतो. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल आला म्हणूनही आजार नाही असं होत नाही. बऱ्याच रुग्णांत तो नॉर्मलच असतो.

आईचं थायरॉइड आणि मावशीचा संधिवात याच बी२७मुळे का? नाही. तो वेगळा वाडा आहे. बी२७ पहिल्या वर्गातला एचएलए, तर संधिवाताचा मोठा धोका दुसऱ्या वर्गातल्या एचएलए-डीआरबी१च्या काही नमुन्यांत असतो, ज्यांच्यात ७० ते ७४ या पाच जागांची घडण जवळपास सारखी असते. आपल्याकडे त्यातला १०:०१ हा नमुना बऱ्यापैकी आढळतो. पण हे जनुक असून संधिवात होईलच असं नाही; एकसारख्या जुळ्यांतही दुसऱ्याला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास. जनुकाला ठिणगी लावतो तो धूर. स्वीडनमधल्या २००६च्या अभ्यासात, असा नमुना दोन्ही प्रतींत असलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्यांना अँटी-सीसीपी (संधिवातात रक्तात सापडणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह संधिवाताची शक्यता, दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत २१ पट निघाली. म्हणून मावशीच्या मुलांनी डीआरबी१ तपासण्यापेक्षा विडी-सिगारेट सोडावी. जनुक तसंच राहील, पण त्याला लागणारी ठिणगी हाताशी राहणार नाही. नागपुरात लगेच पुढचा प्रश्न येतो, मग खर्रा (चघळायचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण)? स्वीडनमध्येच ओठाखाली धरायच्या तंबाखूचा संधिवाताशी संबंध दिसला नाही. फुफ्फुसात जाणारा धूर आणि चघळलेली तंबाखू शरीरात वेगळं काम करतात. याने खर्ऱ्याला सूट मिळत नाही, तो सांध्यांना सोडून तोंडाच्या कॅन्सरकडे नेतो. तुमच्या भावालाही हेच लागू: धूम्रपान करणाऱ्यांत मणके लवकर जुळून येतात.

आईच्या थायरॉइडचा तुमच्याशी संबंध बी२७पेक्षा जास्त जवळचा आहे, हे कदाचित विचित्र वाटेल. हाशिमोटो थायरॉइडायटिस, म्हणजे थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार, आईकडून मुलींत उतरताना वारंवार दिसतो. तुम्ही एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, करा. लग्नानंतर बाळाचा विचार कराल तेव्हा गर्भधारणेआधी आणि राहिल्याबरोबर पहिल्या तिमाहीत पुन्हा करा, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला आईच्याच थायरॉइडवर भागवावं लागतं. अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) एकदा पॉझिटिव्ह आला की दर सहा महिन्यांनी त्याचा आकडा मोजत बसू नका. उपचार ठरतो टीएसएचवर.

लाळेच्या किटबद्दल माझं मत: घेऊ नका. ते वाचतात काही लाख ठरावीक खुणा. बी२७सारखी गोष्ट बऱ्याचदा थेट न वाचता शेजारच्या खुणांवरून ताडतात, आणि ते ताडणं ज्या लोकांवर बसवलं त्यांच्यातच नीट चालतं. उदाहरण घ्या पीटीपीएन२२ या जनुकातल्या एका बदलाचं. २००४मध्ये त्याचा टाइप १ मधुमेह आणि संधिवात यांच्याशी संबंध कळला, युरोपात तो नेहमी आढळतो. भारतीयांत तो जवळपास नाहीच. किट म्हणतं ‘तुमच्यात हा धोका नाही’, तुम्हाला हायसं वाटतं, पण त्या वाक्याला इथे अर्थच नाही. उरलेल्या बहुतेक खुणा धोका वाढवतात तो १.१ ते १.३ पट. दोनशेत एकाला होणारा आजार १.२ पट झाला, तर हजारात पाचाऐवजी सहा. रिपोर्टवर मात्र तोच आकडा लाल अक्षरांत ‘वाढीव धोका’ म्हणून छापून येतो.

जनुकाच्या चाचणीवर पैसे खर्च करायचेच, तर ते औषधाआधी करावेत. घरात कोणाला कधी ल्युपस, आतड्यांचा कोलायटिस किंवा स्वप्रतिकार यकृतदाह झाला आणि अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायचं ठरलं, तर आधी एनयूडीटी१५ हे जनुक तपासा. पाश्चात्त्य पुस्तकांत टीपीएमटी या जनुकावर भर असतो, आपल्या लोकांत मात्र एनयूडीटी१५चा बदल जास्त सापडतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर नेहमीच्या मात्रेने काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळतात, केस मुठीने गळतात. नेमके केसच पहिला इशारा देतात आणि तो ‘पाणी बदललं’ म्हणून सोडून दिला जातो. अशांना हे औषध देऊच नये किंवा फार कमी मात्रेत द्यावं. एक प्रत बदललेली असेल तर कमी मात्रेने सुरुवात. चाचणी नॉर्मल असली तरी पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी चुकवायचा नाही. भावाला गुडघा-घोट्याच्या सुजेसाठी सल्फासॅलॅझिन लिहून दिलं तर सुरू करण्याआधी जी६पीडी, म्हणजे लाल पेशींना जपणारं विकर, बघून घ्या. ती कमतरता पुरुषांत जास्त उघडी पडते आणि रक्तपेशी फुटू शकतात. पेशी फुटून झाल्यावर लगेच केलेली जी६पीडी चाचणी खोटी नॉर्मल येते, म्हणून आधीच.

पूर्ण जनुकवाचन खरंच लागतं ते वेगळ्या ठिकाणी. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेलं बाळ, पाच वर्षांच्या आत दोन-तीन स्वप्रतिकार आजार एकदम, वारंवार मोठे जंतुसंसर्ग, आणि आईवडील मामे-आते भावंडं. तिथे एआयआरई किंवा फॉक्सपी३ यांसारखं एकच जनुक मोडलेलं असू शकतं, आणि त्या घराला मात्र सिकलसेलसारखं एकाच जनुकाचं गणित लागतं, फक्त ते कोणत्या जनुकात बिघाड आहे त्यावर ठरतं. तुमचं घर त्यात येत नाही.

मुलाकडच्यांना काय सांगायचं? भावाला पाठीचा आजार आहे, औषध सुरू आहे, एवढं खरं आहे, ते लपवू नका. स्वतःचा बी२७ ‘दोष’ म्हणून पुढे करण्याची गरज नाही. रक्तगट सांगताना कोणी खाली मान घालत नाही. सिकलसेलचा रिपोर्ट मात्र दोघांचा बघाच, तो तपास झाला नसेल तर आधी तो.